दंडाचे सहा कोटी डॉलर नक्की कोणाचे? (पेन स्टेट प्रकरण)

निटनीपायथा:

शेजारच्या एका धाग्यावर मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या लैंगिक अत्याचार प्रकरणाचा विषय निघाला होता. तिथे कुणीतरी विचारलं, "अशा प्रकरणात विद्यापीठाला एवढा मोठा दंड होतो, तो पैसा जातो कुठे?" उत्तर लिहायला बसलो आणि लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज या गावात राहतो, पेन स्टेट विद्यापीठ इथलंच. विद्यापीठात नोकरीला नाही आणि फुटबॉलचा भक्तही नाही. पण २०११ ते २०१५ या काळात हे सगळं घराबाहेर घडत होतं. दंडाच्या पैशावरून झालेलं भांडण मी तेव्हा रोज पेपरात वाचत होतो, आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जेरी सँडस्की हा पेन स्टेटच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक होता. १९९९ मध्ये निवृत्त झाला, पण विद्यापीठात येणं-जाणं चालूच राहिलं. गरीब, आधार नसलेल्या मुलांसाठी त्याने १९७७ मध्ये 'द सेकंड माइल' ही संस्था काढली होती, आणि त्याने ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले ती मुलं त्याला याच संस्थेतून भेटली. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला अटक झाली, जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले आणि ३० ते ६० वर्षांची शिक्षा लागली. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली होती, विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशीही केली होती, पण गुन्हा नोंदवला गेला नाही. २००१ मध्ये संघाच्याच एका तरुण सहायकाने डोळ्यांनी पाहिलेलं वर कळवलं. वरच्यांनी पोलिसांना किंवा बालकल्याण विभागाला कळवलं नाही.

अटकेनंतर चार दिवसांत विश्वस्तांनी मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना फोनवरून काढून टाकलं. अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियरही गेले. पटर्नो १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक होते, ग्रंथालयाच्या एका इमारतीला त्यांचं नाव आहे. त्या रात्री कॉलेज अॅव्हेन्यूवर विद्यार्थ्यांनी टीव्हीवाल्यांची गाडी उलटवली. अडीच महिन्यांत पटर्नो कर्करोगाने वारले.

आता मूळ विषय. एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांचा या प्रकरणावरचा चौकशी अहवाल १२ जुलै २०१२ ला आला. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडास्पर्धांचं नियमन करणारी संघटना. तिने अवघ्या अकरा दिवसांत, २३ जुलैला, शिक्षा जाहीर केली. नेहमीची चौकशी नाही, नियमभंग समितीपुढे सुनावणी नाही, थेट विद्यापीठाच्या नव्या अध्यक्षांची संमतिपत्रावर सही. चार वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द, आणि सहा कोटी डॉलर दंड. फुटबॉल कार्यक्रमाचं सरासरी एका वर्षाचं ढोबळ उत्पन्न तेवढं होतं, म्हणून हा आकडा. दरवर्षी १ कोटी २० लाखांचे पाच हप्ते.

हा पैसा एनसीएएच्या खिशात जाणार नव्हता. बाललैंगिक अत्याचार रोखणाऱ्या आणि पीडित मुलांना मदत करणाऱ्या कार्यक्रमांसाठी कायम निधी उभारायचा, असं संमतिपत्रात होतं. आणखी एक अट होती, ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. हा पैसा पेन स्टेटच्या स्वतःच्या उपक्रमांवर खर्च करायचा नाही.

पण निधी कोण वाटणार, आणि कुठल्या मुलांना? एनसीएएने देशभरासाठी वाटप करायचं ठरवलं. दरवर्षीच्या वाटपातला किमान एक चतुर्थांश पेनसिल्व्हेनियातल्या संस्थांना राखून ठेवू, असं तिच्या समितीने सांगितलं. इथून ठिणगी पडली. चतुर्थांश का? विद्यापीठ पेनसिल्व्हेनियाचं, गुन्हा पेनसिल्व्हेनियात झाला, मुलं पेनसिल्व्हेनियाची. मग तीन चतुर्थांश बाहेर का?

आमच्या सेंटर काउंटीचे तेव्हाचे राज्य सेनेटर जेक कॉर्मन (तेही पेन स्टेटचेच) जानेवारी २०१३ मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टात गेले. पुढच्या महिन्यात विधिमंडळाने कायदाच केला. उच्चशिक्षण संस्थेला कराराने १ कोटी डॉलर किंवा जास्त दंड भरायचा असेल आणि तो एका वर्षाहून अधिक काळ हप्त्यांनी द्यायचा असेल, तर तो राज्याच्या कोषागारात स्वतंत्र निधीत जमा करायचा आणि राज्यातच खर्च करायचा. नाव कुणाचं घेतलेलं नाही, पण या मापाचा अंगरखा एकाच अंगाला बसत होता. २० फेब्रुवारीला राज्यपालांनी सही केली आणि त्याच दिवशी एनसीएए फेडरल कोर्टात गेली. राज्याचे कोषाध्यक्षही कॉर्मन यांच्या बाजूने दाव्यात उतरले.

पहिला हप्ता विद्यापीठाने बाजूला काढून ठेवला होता. दावा चालू होता तोवर तो खात्यातच पडून राहिला. मला जे बोलायचंय ते या पडून राहण्याबद्दल आहे. पण आधी तुमचं ऐकतो.

पेठेतला:

चांगला विषय, माहितीबद्दल आभार. मला एक कळलं नाही. दंड एनसीएएने ठोठावला, सही विद्यापीठाने केली. दोघांत करार झाला. मध्ये राज्य सरकार कुठून आलं? आमच्या सोसायटीने एखाद्या सभासदाला दंड केला आणि नगरपालिका म्हणाली की तो आमच्याकडे भरा, आम्ही याच वॉर्डात खर्च करू, तर चालेल का? कायदा तर करारानंतर केलेला दिसतोय.

अॅड_सातारकर:

पेठेतला, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि एनसीएएचा मुद्दाही हाच होता. आधी झालेल्या खाजगी करारात राज्य मागाहून हात घालतंय, हे राज्यघटनेला धरून नाही, असं ती म्हणत होती.

पण सोसायटीची उपमा इथे पुरत नाही. पेन स्टेट पूर्ण सरकारी नसलं तरी त्याला दरवर्षी राज्याकडून अनुदान मिळतं आणि राज्यपाल त्याच्या विश्वस्त मंडळावर पदसिद्ध असतात. म्हणजे सभासदाच्या घरखर्चाला नगरपालिकेचा हातभार आहे. अशा वेळी पैसा कुठे चाललाय हे विचारायचा अधिकार तिला पोचतो.

दुसरं, एनसीएएचं स्वरूप. १९८८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टार्केनियन खटल्यात म्हटलं की एनसीएए ही 'राज्य' नाही, खाजगी संघटना आहे. आपल्याकडे बीसीसीआयबद्दल २००५ मध्ये झी टेलिफिल्म्सच्या निकालात असंच म्हटलं गेलं, पुढे २०१५ मध्ये बीसीसीआय सार्वजनिक स्वरूपाचं काम करते म्हणून उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध रिट चालेल हेही स्पष्ट झालं. अशा संघटनांकडे शिक्षेची ताकद सरकारसारखी असते, पण सरकारवर जी बंधनं असतात ती नसतात. फौजदारी कोर्टाने दंड केला तर तो कुठे जमा करायचा हे कायद्यात लिहिलेलं असतं. खाजगी संघटनेने केलेला दंड कुठे जावा, हे ती संघटनाच ठरवते. इथे भांडण पेटलं ते या मोकळ्या जागेत.

मी कॉर्मन यांच्या बाजूचा नाही, मला कायदा घाईचा वाटतो. पण त्यांनी विचारलेला प्रश्न फालतू नव्हता.

फिलीकर:

मी पेन स्टेटचा, २००८ ते २०१२. निटनीपायथा, तुम्ही मांडलंय नीट, पण सूर पटला नाही. "पडून राहिला" म्हणताना दोष दोघांना सारखा वाटला जातोय.

एनसीएएने काय केलं ते बघा. स्वतःची नियमावली बाजूला ठेवली. फ्री अहवालावर विसंबून अकरा दिवसांत निकाल लावला. सही केली नाही तर फुटबॉलच बंद, तेही अनेक वर्षं, ही टांगती तलवार होती. १९८७ मध्ये सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा हंगामच रद्द करून टाकला होता, तेव्हा ही धमकी पोकळ वाटत नव्हती. त्यात ज्या पोरांनी काही केलं नव्हतं त्यांचे विजय पुसले.

आणि पैसा राज्याबाहेर का जाऊ द्यायचा? गावागावांत मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था इथे पैशावाचून अडल्या होत्या. कॉर्मननी तो थांबवला, मला त्यांचं कौतुकच आहे.

काळीटिकली:

मी नाशिकला मुलांसोबत काम करते, समुपदेशक आहे. मला फुटबॉल कळत नाही, म्हणून साधा प्रश्न विचारते. ज्या मुलांवर अत्याचार झाले (आता ती मोठी झाली असतील), त्यांना या सहा कोटींतलं काही मिळालं का?

निटनीपायथा:

नाही. हा पैसा त्यांच्यासाठी नव्हताच, पुढच्या मुलांसाठी होता. त्यांच्याशी विद्यापीठाने वेगळ्या तडजोडी केल्या. २०१३ मध्ये २६ जणांना मिळून ५ कोटी ९७ लाख डॉलर. आकडा योगायोगाने दंडाच्या जवळपास तेवढाच आहे, त्यामुळे पुष्कळांचा घोळ होतो. पुढे आणखी लोक पुढे आले आणि एकूण रक्कम दहा कोटींच्या वर गेली.

याशिवाय बिग टेन या विभागीय संघटनेने सामन्यांच्या उत्पन्नातला सुमारे १ कोटी ३० लाखांचा वाटा रोखला. तोही मुलांच्या संस्थांना द्यायचं ठरलं. आणि २०१६ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने परिसर सुरक्षेचा कायदा मोडल्याबद्दल सुमारे २४ लाखांचा दंड केला, तो मात्र मुलांच्या कुठल्या निधीत नाही, सरळ सरकारजमा.

फिलीकर, दोष सारखा वाटायचा माझा हेतू नाही. एनसीएएने जी घाई केली ती मलाही मान्य नाही. पण पुढची हकीकत सांगतो, मग माझं म्हणणं कळेल.

एप्रिल २०१४ मध्ये कॉमनवेल्थ कोर्टाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पैशाच्या वादाचा निकाल तिथेच लागल्यासारखा होता. पण त्याच निकालात न्यायमूर्ती अॅन कोव्ही यांनी एक नवीन दार उघडलं. ज्या संमतिपत्रावर हे सगळं उभं आहे तेच मुळात वैध आहे का? एनसीएएला फौजदारी गुन्ह्याबद्दल शिक्षा करायचा अधिकार होता का? त्यासाठी पेन स्टेटलाही पक्षकार करा, असं सांगितलं. आता दावा दंडाच्या ताब्याचा राहिला नाही, संपूर्ण शिक्षेचाच झाला.

मग एनसीएएने पवित्रा बदलला. पैसा राज्यातच राहू द्या, आम्ही कायदा पाळतो, दावा संपवा, असं ती म्हणू लागली. कोर्टाने दावा बंद केला नाही आणि कॉर्मननाही तो बंद करायचा नव्हता, कारण आता त्यांच्या हाती मोठी गोष्ट लागली होती. नोव्हेंबरमध्ये एनसीएएच्या अंतर्गत ईमेल बाहेर आल्या. २०१२ मध्ये तिच्याच अधिकाऱ्यांना आपल्या अधिकाराबद्दल शंका होती. एकाने तर या सगळ्याला 'ब्लफ' म्हटलं होतं. २०१५ च्या सुरुवातीला सुनावणी ठरली होती. १६ जानेवारीला तडजोड झाली.

तडजोडीत काय होतं? सहा कोटी राज्यात. त्यातले ४ कोटी ८० लाख राज्याच्या निधीला, १ कोटी २० लाख पेन स्टेटला, बाललैंगिक अत्याचारावरच्या संशोधन-शिक्षणाचा कायम निधी म्हणून. आणि ११२ विजय परत.

मूळ संमतिपत्रातली अट आठवा: हा पैसा विद्यापीठाच्या उपक्रमांवर जाणार नाही. तडजोडीत दंडाचा पाचवा हिस्सा दंड भरणाऱ्याच्याच घरी आला. संशोधन चांगलं असेल, चांगलं आहेच, तिथे काम करणाऱ्या दोघांना मी ओळखतो आणि ती माणसं जीव ओतून काम करतात. पण दंडाचा अर्थ काय उरला?

आणि मुलांचा पैसा आणि फुटबॉलचे विजय एकाच कागदावर, एकाच सहीखाली आले, हे मला तेव्हाही सहन झालं नाही.

पेठेतला:

विजय परत म्हणजे नेमकं काय? खेळ तर झालेला असतो.

निटनीपायथा:

नोंदवहीत. पटर्नोंच्या नावावर ४०९ विजय होते, पहिल्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त. १९९८ नंतरचे त्यांचे १११ काढल्यावर २९८ उरले आणि फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन ३७७ सह पहिले झाले. तडजोडीनंतर पुन्हा ४०९. ११२वा विजय त्यांच्या जागी आलेल्या हंगामी प्रशिक्षकांचा.

फिलीकर:

तुम्ही 'एकाच कागदावर' म्हणताय, पण ते दोन्ही एकाच कागदावर आधी कुणी घातलं? एनसीएएनेच. संमतिपत्रात दंड आणि विजय एकत्र होते, मग तडजोडीतही एकत्रच येणार. आणि दावा एप्रिल २०१४ मध्ये थांबवला असता तर त्या ईमेल कधीच बाहेर आल्या नसत्या. एवढ्या मोठ्या संघटनेने लाखो लोकांसमोर घेतलेला निर्णय कसा घेतला होता, हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

निटनीपायथा:

पहिला मुद्दा मान्य. माझ्या डोक्यात तो आला नव्हता. ईमेलचाही मान्य.

पण दुसरी बाजू बघा. राज्यपाल टॉम कॉर्बेट जुलै २०१२ मध्ये म्हणाले होते की शिक्षा स्वीकारा, सुधारणेचा तो भाग आहे. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनीच एनसीएएवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, जूनमध्ये फेडरल न्यायाधीशांनी तो फेटाळला. त्याआधी राज्याचे महाधिवक्ता असताना सँडस्कीची चौकशी त्यांच्याच कार्यालयाकडे होती आणि ती वेळेत झाली का यावर इथे वर्षानुवर्षं वाद झाला. अशा माणसाच्या तोंडी 'आमच्या मुलांचा पैसा' ऐकताना मला विश्वास ठेवणं जड गेलं. कॉर्मन यांच्याबद्दल मी एवढं कडक बोलणार नाही, पैसा राज्यात ठेवण्याबद्दल ते पहिल्या दिवसापासून एकच बोलत होते.

काळीटिकली:

माझ्या कामातून सुचलेलं एक लिहिते. तुम्ही सगळे कोर्टाच्या तारखांत मोजताय. जुलै २०१२ ते जानेवारी २०१५ म्हणजे अडीच वर्षं. २०१२ मध्ये जे मूल नऊ वर्षांचं होतं ते या काळात बारावं गाठतं. नऊ वर्षांचं मूल चित्र काढून सांगतं, बाहुलीला हात लावून दाखवतं. बाराव्या वर्षी ते गप्प बसायला शिकलेलं असतं. त्या वयातला पैसा नंतर दुप्पट दिला तरी त्या मुलाला पोचत नाही.

पैसा राज्यातल्या मुलांना की देशभरातल्या, यात मला खरंच फरक करता येत नाही. ओहायोमधलं मूल आणि पेनसिल्व्हेनियातलं मूल यांत काय निवडायचं? पण वाद मिटेपर्यंत पैसा बंद ठेवायचा हे कुणी ठरवलं? दोन्ही बाजूंना मान्य असलेला तो एक चतुर्थांश तरी आधी वाटता आला नसता का?

अॅड_सातारकर:

काळीटिकली, हा प्रश्न कोर्टात विचारायला हवा होता. तत्त्वतः येतं. वाद नसलेला हिस्सा अंतरिम आदेशाने मोकळा करता येतो. पण त्यासाठी कुणीतरी तशी मागणी घेऊन उभं राहावं लागतं, आणि या दाव्यात मुलांच्या वतीने उभा राहणारा पक्षकारच नव्हता. सेनेटर होते, कोषाध्यक्ष होते, संघटना होती, नंतर विद्यापीठ आलं. ज्यांच्यासाठी निधी होता त्यांचा वकील नव्हता.

आपल्याकडची सुधारणा इथे नोंदवतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ खाली दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई द्यायची सोय होती, पण ते न्यायाधीशांच्या मर्जीवर होतं. पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला, त्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४ खालचा दंड पीडित मुलाला उपचार आणि पुनर्वसनासाठी द्यायचा असं थेट लिहिलं. महाराष्ट्रात २०१३ पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे. अंमलबजावणीत काय होतं ते काळीटिकली माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील. पण निदान कागदावर पैसा कुणाचा हा प्रश्न सुटलेला आहे.

काळीटिकली:

अंमलबजावणीवर वेगळा धागा लागेल. हेलपाटे खूप आहेत. दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आई कचेरीत जाते आणि एका कागदासाठी परत येते. पण हो, पैसा मुलाचा आहे हे तिला कुणाशी भांडून सिद्ध करावं लागत नाही.

हरभरा:

वाचतोय, धागा उत्तम चाललाय. मूळ प्रश्न मीच विचारला होता. मिशिगन स्टेटला एनसीएएने किती दंड केला?

निटनीपायथा:

शून्य. लॅरी नासर या तिथल्या क्रीडा-डॉक्टरच्या प्रकरणात पीडितांची संख्या शेकड्यांत होती. २०१८ मध्ये विद्यापीठाने पीडितांशी ५० कोटी डॉलरची तडजोड केली, २०१९ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ४५ लाखांचा दंड केला, पण एनसीएएला तिच्या नियमांचा भंग सापडला नाही. पेन स्टेटच्या वेळी जो हात उचलला तो तिने परत उचलला नाही. म्हणून पेन स्टेटचा सहा कोटींचा निधी एकटाच राहिला. तसा दुसरा झाला नाही, आणि झाला तर कुणाच्या ताब्यात असावा याचा नियमही कुणी केला नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा आहे, पण तो त्या राज्यापुरता.

डॉ_कोयना:

पिट्सबर्गला दंतवैद्य आहे. धाग्यात एक बाजू राहिलीय ती लिहिते. पैशाचं भांडण चालू होतं त्याच काळात राज्याचे बालसंरक्षण कायदे बदलले. सँडस्की प्रकरणानंतर एक कृती समिती नेमली होती, तिच्या शिफारशींवरून एकामागून एक कायदे झाले आणि बरेचसे २०१४ च्या शेवटी लागू झाले. त्यामुळे आम्हा परवानाधारकांना पहिल्यांदा तीन तासांचं आणि नंतर प्रत्येक नूतनीकरणाला दोन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अत्याचाराची खुणावणारी लक्षणं कशी ओळखायची, कळवायचं कुणाला. मुख्य म्हणजे संशय आला तर आपण स्वतः थेट कळवायचं. वरिष्ठाला सांगितलं म्हणजे जबाबदारी संपली, असं आता चालत नाही. २००१ मध्ये नेमकं हेच झालं होतं ना? त्याने वरच्याला सांगितलं, वरच्याने त्याच्या वरच्याला.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेतही मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला पोलीस तपासणी आणि बाल-अत्याचार नोंदवहीची तपासणी करून घ्यावी लागते. सुरुवातीला काही पालक रागावले, "आमच्यावर अविश्वास का?" म्हणून. एका काकांनी तर शिकवायला येणंच सोडलं. मला त्यांचं वाईट वाटतं, पण तपासणी सोडणार नाही. सँडस्कीवरही सगळ्या गावाचा विश्वास होता.

निटनीपायथा:

डॉक्टर, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या धाग्यात पैसाच पैसा झाला होता.

पेठेतला:

शेवटचं एक विचारतो. ४ कोटी ८० लाखांचं पुढे काय झालं? आणि विद्यापीठाने हा पैसा आणला कुठून, मुलांच्या फीतून?

निटनीपायथा:

विद्यापीठाने पहिल्यापासून सांगितलं होतं की फी, करदात्यांचा पैसा किंवा देणग्या वापरणार नाही. क्रीडाविभागाची गंगाजळी, इमारतींची लांबवलेली कामं, आणि गरज लागली तर विद्यापीठाने क्रीडाविभागाला दिलेलं अंतर्गत कर्ज. विभागाचं उत्पन्न कुठून येतं ते शनिवारी बीव्हर स्टेडियमवर आलात तर दिसेल. लाखाच्या वर माणूस बसतं, गावाची लोकसंख्या त्याच्या निम्मीही नाही.

राज्याचा हिस्सा पेनसिल्व्हेनिया कमिशन ऑन क्राइम अँड डेलिंक्वेन्सी या राज्याच्या मंडळामार्फत वाटला जातो. संस्थांनी अर्ज करायचे, समितीने निवडायचे.

आणि फिलीकर, एक गोष्ट तुमच्या बाजूची लिहायची राहिली. अटकेच्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांनी स्वतःहून वर्गणी सुरू केली आणि अत्याचारपीडितांसाठी काम करणाऱ्या देशव्यापी संस्थेला पाच लाख डॉलरच्या वर दिले. नेब्रास्काच्या सामन्याला अख्खं स्टेडियम निळे कपडे घालून आलं होतं, मुलांसाठी. त्या पैशावर कुणी भांडलं नाही, तो लगेच गेला. सहा कोटींच्या मानाने रक्कम छोटी होती.

फिलीकर:

त्या वर्गणीत माझे वीस डॉलर होते. तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो, तेवढेच जमले.

आणि एक सांगतो, कारण काळीटिकलींचा नऊ आणि बारा वर्षांचा हिशोब वाचल्यापासून ते मनात आहे. १६ जानेवारी २०१५ ला मी फिलाडेल्फियाहून गाडी काढून स्टेट कॉलेजला आलो होतो. गावात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, "चारशे नऊ, चारशे नऊ" चाललं होतं, आणि मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. मुलांच्या निधीचं काय ठरलं ते त्या रात्री मी कुणाला विचारलंही नाही. ४ कोटी ८० लाख हा आकडा मी दुसऱ्या दिवशी परत जाताना, पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा वाचला.